जपानी वुडब्लॉक प्रिंट घ्यायचीय? आधी ती पालथी करून बघा

जपानी प्रिंट्सच्या नादाला लागलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ही ओरिजिनल आहे का हो?" विकणारा म्हणतो एकदम ओरिजिनल, आणि तो खोटंच बोलत असेल असंही नाही, कारण या प्रकारात एकच एक ओरिजिनल असं काही नसतंच मुळी. होकुसाई या जपानी चित्रकाराची ती लाट घ्या, मोबाइल कव्हरपासून टी-शर्टपर्यंत सगळीकडे दिसते ती. १८३१ च्या सुमाराला तिचे ब्लॉक, म्हणजे छपाईचे लाकडी ठोकळे, कोरले गेले आणि लोक घेतायत तोवर छापत राहिले, ब्लॉकच्या रेघा झिजल्या, तुटल्या तरी छापत राहिले, हजारोंनी. त्यातली सुरुवातीची एक चांगली प्रत २०२३ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात २७ लाख ६० हजार डॉलरला गेली. त्याच लाटेची, आजच्या कारागिरांनी नवे ब्लॉक कोरून जुन्याच पद्धतीने हाताने छापलेली प्रत काही हजार रुपयांत मिळते, आणि मशीनवर छापलेलं पोस्टर तर कुठेही. म्हणून विचारायचं ते असं: कधी छापली, कुठल्या ब्लॉकवरून छापली, कशी छापली. ही उत्तरं बऱ्यापैकी स्वतःची स्वतः काढता येतात, जपानी वाचता आलं नाही तरी.

पायरी १: आधी नुसतं बघा

निदान महिनाभर काही विकत घेऊ नका. न्यूयॉर्कचं मेट म्युझियम, शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट, ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस, या सगळ्यांनी आपल्याकडच्या प्रिंट्सचे मोठे फोटो फुकट बघायला ठेवलेत. शिवाय उकियो-ए डॉट ऑर्ग नावाची साइट आहे (उकियो-ए म्हणजे हाच जुन्या जपानी चित्रांचा प्रकार), जॉन रेसिगने बनवलेली (आयटीवाल्यांनो, जेक्वेरीवाला तोच हा), तिथे प्रिंटचा फोटो टाकला की तीच प्रिंट कुठल्या कुठल्या म्युझियममध्ये आहे ते शोधून देते. नवशिक्याला याहून कामाची गोष्ट नाही.

आता एक प्रयोग करा. हिरोशिगे या चित्रकाराची १८५७ ची शिन-ओहाशी पुलावरच्या पावसाची प्रिंट शोधा, व्हॅन गॉगने १८८७ मध्ये ऑइलमध्ये जिची नक्कल केली होती तीच. वेगवेगळ्या म्युझियममधल्या तीन-चार प्रती एकाच वेळी उघडून ठेवा. चित्र तेच, छत्र्या सावरत पळणारी माणसं तीच, पण वरचा काळा ढग बघा, एकीत तो जडशीळ खाली उतरलाय, एकीत नुसती काळी पट्टी मारल्यासारखा, एकीत अगदी फिका. याचं कारण असं की तो ढग लाकडात कोरलेलाच नसतो. छापणारा प्रत्येक वेळी ब्लॉक ओला करून ब्रशने रंग एका बाजूने गडद आणि दुसरीकडे विरत जाईल असा लावतो, याला बोकाशी म्हणतात, आणि तो हात प्रत्येक प्रतीत थोडा वेगळा पडणारच. पाऊस मात्र कोरलेला आहे, आणि ते काम बघून खरंच छाती दडपते, कारण इथे रेघ कोरायची नसते, उरवायची असते. पावसाची एक केसाएवढी रेघ हवी तर तिच्या दोन्ही अंगांचं लाकूड काढून टाकायचं आणि मधली रेघ उभी ठेवायची, सलग, वरपासून खालपर्यंत, असा अख्खा पाऊस.

एकच प्रिंट चार ठिकाणी बघायची ही सवय लागली की निम्मं काम झालं.

पायरी २: कोणी काय केलं ते समजून घ्या

आपण "होकुसाईची प्रिंट" म्हणतो खरं, पण होकुसाईने ना ती कोरली ना छापली. एदो काळात (एदो म्हणजे आजचं टोकियो), साधारण १८६८ पर्यंत, हा सरळसरळ धंदा होता आणि धंद्याचा मालक होता प्रकाशक, हानमोतो. पैसे त्याचे, विषय बहुतेकदा त्याने ठरवलेला, ब्लॉक त्याच्या मालकीचे. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेघांचं फायनल ड्रॉइंग काढून द्यायचा, कोरणारा ते ड्रॉइंग चेरीच्या लाकडावर पालथं चिकटवून त्याच्यातूनच कोरत जायचा, म्हणजे ड्रॉइंग संपलं, गेलं. त्या रेघांच्या ब्लॉकवरून काही प्रती काढायच्या, कुठे कुठला रंग ते चित्रकाराने त्यावर सांगायचं, मग प्रत्येक रंगाचा वेगळा ब्लॉक. सगळे रंग जागच्या जागी बसावेत म्हणून प्रत्येक ब्लॉकवर एका कोपऱ्यात काटकोनी खाच आणि त्याच कडेला पुढे एक सरळ खाच, तिला केंतो म्हणतात, कागद दर वेळी त्या खाचांना टेकवूनच खाली ठेवायचा. आणि प्रेस वगैरे काही नाही, ओलसर कागद ब्लॉकवर टाकून मागून बारेन नावाच्या, बांबूच्या पानात गुंडाळलेल्या गोल चकतीने घासायचं. हे घासणं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

असे पूर्ण रंगीत प्रिंट १७६५ पासून, हारुनोबू या चित्रकाराच्या काळात, निघायला लागले. किंमत म्हणाल तर सोबा-नूडल्सच्या एका बाउलच्या आसपास. लोक नटांची, सुंदर बायकांची, प्रवासातल्या ठिकाणांची चित्रं घ्यायचे, भिंतीला चिकटवायचे, फाटली की टाकून द्यायचे.

ड्रॉइंग्जबद्दल इथेच सांगून टाकतो. प्रिंटसाठी काढलेलं फायनल ड्रॉइंग कोरताना नष्ट व्हायचं, म्हणजे ते आज शाबूत असेल तर बहुधा ती प्रिंट कधी निघालीच नाही. २०२० मध्ये ब्रिटिश म्युझियमने होकुसाईची १०३ छोटी ड्रॉइंग्ज घेतली, ती एका सचित्र ज्ञानकोशासारख्या पुस्तकासाठी होती, त्यात बौद्ध भारतावरचे विषयसुद्धा आहेत, आणि पुस्तक छापलं गेलं नाही म्हणूनच ती वाचली. तेव्हा ऑनलाइन कोणी "होकुसाईचं ओरिजिनल ड्रॉइंग, स्वस्तात" म्हणत असेल तर टॅब बंद करा. शाईच्या ड्रॉइंग्जमध्ये नकला भरपूर आहेत आणि ओळखायला वर्षं लागतात, नवशिक्याचा तो प्रांतच नव्हे.

पायरी ३: प्रिंटवरचे शिक्के बघा

प्रिंटवर जे लिहिलेलं असतं त्याचे चार भाग पाडा. उभ्या चौकटीतलं मालिकेचं आणि चित्राचं नाव. चित्रकाराची सही, शेवटचं अक्षर बहुतेकदा "गा" किंवा "हित्सु", अर्थ "यांनी काढलं". प्रकाशकाचा ट्रेडमार्क, कधी छोटं चिन्ह, कधी नाव. आणि चौथा सगळ्यात कामाचा, सेन्सॉरचा शिक्का.

१७९० पासून सरकारने प्रत्येक प्रिंटला मंजुरी सक्तीची केली आणि ही कटकट आज आपल्याला वरदान ठरलीय. १८४२ पर्यंत "किवामे" नावाचा एक छोटा गोल शिक्का असायचा, एकच अक्षर. त्यानंतर दहा-अकरा वर्षं तपासणाऱ्या अधिकाऱ्यांच्या नावांचे शिक्के, आधी एक, मग जोडीने दोन. १८५३ पासून "आरातामे" म्हणजे तपासलं असा शिक्का आणि जोडीला वर्ष-महिन्याचा शिक्का, त्यात वर्ष बारा प्राण्यांच्या चक्रातलं. ड्रॅगनचं वर्ष असेल तर १८५६ किंवा १८६८, मधलं काहीच नाही, आणि चित्रकार कोण ते माहीत असलं की बहुतेक वेळा कुठलं ते लगेच ठरतं (हिरोशिगे १८५८ ला गेला, म्हणजे त्याच्यासाठी ५६ च). १८७० च्या दशकाच्या मध्यानंतर तर समासात प्रकाशकाचं नाव-पत्ता आणि तारीखच छापून यायला लागली. अक्षर वाचता येत नसलं तरी आकार जुळवता येतो, शिक्क्यांचे तक्ते नेटवर भरपूर आहेत, मोबाइलमध्ये एक सेव्ह करून ठेवा.

फक्त एक लक्षात असू द्या, शिक्का ब्लॉकमध्येच कोरलेला असतो. म्हणजे तो डिझाइनला मंजुरी कधी मिळाली ते सांगतो, तुमच्या हातातली प्रत त्या वर्षी छापली का वीस वर्षांनी, ते सांगत नाही. आणि नंतर कोणी नवे ब्लॉक कोरून नक्कल केली तर शिक्क्याचीही नक्कल झालेलीच असते. इथे खूप जण फसतात.

पायरी ४: भिंग, उजेड आणि मागची बाजू

आता प्रत्यक्ष कागद. घड्याळजीकडे असतं तसलं दहापट भिंग घ्या, दोन-चारशे रुपयांत येतं. रंगाच्या सपाट भागावर धरा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर मशीनवर छापलेलं आहे, विषय संपला, फ्रेम कितीही जुनी असो. हातछपाईत ठिपके नसतात, रंग कागदाच्या धाग्यांत मुरलेला दिसतो, कुठे कुठे लाकडाचा पोतही उमटलेला असतो.

मग ती पालथी करा. विकणाऱ्याने फक्त पुढचा फोटो टाकला असेल तर मागचा मागून घ्या, आणि तो द्यायला का-कू करत असेल तर तिथून उठा. मागून घासून छापलेलं असतं म्हणून खऱ्या वुडब्लॉक प्रिंटच्या मागच्या बाजूला रंग थोडाफार पाझरून आलेला दिसतो, आणि तिरप्या उजेडात धरलं की बारेनच्या गोल-गोल वळशांच्या खुणा दिसतात. पाठ कोरी गुळगुळीत, पांढरीफेक असेल तर शंका घ्या. मागे दुसरा कागद चिकटवलेला असेल तर का चिकटवला ते विचारा, कधी फाटलेलं सावरायला असतो, कधी काही झाकायला.

कागद उजेडासमोर धरला की सालीचे लांब धागे दिसायला हवेत, हा कोझोच्या (तुतीच्या जातीच्या झाडाच्या) सालीचा कागद, हातात मऊ लागतो पण चिवट. आकार मोजा. सगळ्यात कॉमन साइझ ओबान, साधारण ३९ बाय २६ सेंटीमीटर, समास कापलेले असले तर थोडी कमी. लाटेची "ॲन्टिक" प्रिंट पोस्टकार्डाएवढी असेल तर हसून सोडून द्या.

इथपर्यंत हातछपाई आहे एवढं कळलं. आता सुरुवातीची, उशिराची का नव्या ब्लॉकची? यासाठी पहिल्या पायरीतली सवय. म्युझियममधल्या चांगल्या प्रतीचा फोटो शेजारी उघडा आणि रेघ न् रेघ ताडून बघा. ब्लॉक तोच पण झिजलेला असेल तर रेघा त्याच वळणाने जातात पण जाडसर होतात, मधेच तुटतात. लाटेच्या शीर्षकाच्या दुहेरी चौकटीची रेघ नंतरच्या प्रतींमध्ये तुटलेली दिसते, तज्ज्ञ लोक तिथेच आधी बघतात. नवे ब्लॉक असतील तर रेघ स्वच्छ असते पण वळण किंचित वेगळं, केसांच्या बटेत, पाण्याच्या टोकात, सहीच्या फटकाऱ्यात हमखास सापडतं. लाट ज्यातली आहे त्या होकुसाईच्या फुजी पर्वताच्या मालिकेत आणखी एक सोपी खूण आहे, नाव छत्तीस दृश्यं असलं तरी एकूण ४६ प्रिंट्स आहेत, पहिल्या ३६ च्या बाह्यरेषा निळ्यात छापायच्या आणि नंतर वाढवलेल्या दहांच्या काळ्या शाईत.

पायरी ५: रंग उडालाय का?

जुने रंग बहुतेक वनस्पतींचे, उन्हाला अजिबात न टिकणारे. करडईच्या फुलांचा लाल-गुलाबी फिकट होतो, फुलांपासूनचा निळा मातकट पिवळा होतो, आणि या दोघांतून केलेला जांभळा तर तपकिरी होऊन बसतो. हारुनोबूच्या प्रिंट्समधलं ते शांत बदामी वातावरण बघून आपण वा वा करतो, त्यातलं बरंचसं मुळात तसं नव्हतंच. प्रशियन ब्लू मात्र टिकतो, १८३० च्या आसपास तो सर्रास वापरात आला आणि होकुसाई-हिरोशिगेची ती निळाई म्हणजे तोच. एकदम भडक लाल-जांभळा दिसला तर घाबरू नका, १८६० नंतर परदेशी केमिकल रंग यायला लागले, मेइजी काळातल्या, म्हणजे १८६८ नंतरच्या, प्रिंट्स बहुतेक तशाच असतात. माझ्या मते त्या उगाच बदनाम आहेत.

किड्यांची भोकं, मधली घडी, कापलेले समास, हे शंभर-दीडशे वर्षांच्या कागदाला असणारच आणि त्यामुळेच किंमत आवाक्यात येते. भोकं चालतील, उडालेला रंग मात्र परत येत नाही.

पायरी ६: पहिली कुठली घ्यायची

लाट घेऊ नका, उतामारो आणि शाराकू या बड्या, महागड्या चित्रकारांचं तर नावच काढू नका. कुनिसादा बघा. त्याच्या हयातीत तो हिरोशिगेपेक्षाही जास्त खपायचा, नटांची चित्रं हजारोंनी काढली, आणि म्हणूनच आज त्याची सुटी, खरीखुरी १८५० च्या दशकातली प्रत साधारण शंभर-दोनशे डॉलरपासून मिळते, वर वर्ष-महिन्याचा शिक्का स्पष्ट. शिकायला याहून चांगली वही नाही. तीन कागदांच्या चित्रातला एकच कागद असेल तर आणखी स्वस्त, फक्त डावा-उजवा कुठला ते विचारा, एखादा हात मधेच तुटलेला असतो.

निसर्गचित्रं आवडत असतील तर विसाव्या शतकातलं शिन-हांगा, म्हणजे "नव्या प्रिंट्स", बघा. वातानाबे शोझाबुरो नावाच्या प्रकाशकाने प्रकाशक, चित्रकार, कोरणारा आणि छापणारा अशी जुनी चौघांची पद्धत पुन्हा उभी केली, कावासे हासुई या चित्रकाराचे पाऊस आणि बर्फ त्याच्याकडचेच. १९२३ च्या भूकंपात वातानाबेचे ब्लॉक जळून गेले, त्यामुळे भूकंपाआधीच्या प्रती दुर्मीळ आणि महाग. वातानाबेचा समासातला शिक्का काळानुसार बदलत गेलाय, प्रत हासुईच्या हयातीतली (तो १९५७ ला गेला) का नंतरची हे त्यावरून सांगतात, किमतीत फरक मोठा असतो.

आणि आपल्या लोकांनी बघायलाच हवा असा चित्रकार हिरोशी योशिदा. हा १९३० च्या शेवटाला मुलाला घेऊन भारतात आला, फिरला, आणि १९३१-३२ मध्ये भारत आणि आग्नेय आशियावर ३२ प्रिंट्सची मालिका काढली. ताजमहाल, बनारस, उदयपूर तर आहेतच, पण अजिंठा आणि वेरूळही आहेत. आपण शाळेच्या सहलीत जे बघून आलो ते जपानी कागदावर बघताना भारी वाटतं. योशिदाच्या प्रिंटच्या डाव्या समासात "जिझुरी" शिक्का शोधा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या देखरेखीखाली छापलेली, आणि खाली पेन्सिलची सही. सही छापील असेल आणि जिझुरी नसेल तर बहुधा नंतरची प्रत.

बजेट त्याहून कमी असेल तर टोकियोतल्या अदाची संस्थेसारख्यांनी नव्या ब्लॉकवरून केलेली प्रत घ्या, लाज कसली. झिजलेल्या ब्लॉकच्या, उडालेल्या रंगाच्या जुन्या लाटेपेक्षा मला ती भिंतीवर जास्त आवडेल.

पायरी ७: कुठे आणि काय विचारून

टोकियोत असाल तर जिम्बोचो, जुन्या पुस्तकांचा बाजार. निशी-कासाईतल्या (टोकियोतली भारतीयांची वस्ती) मराठी मंडळींनी तोझाई लाइनने कुदानशिताला उतरून चालत जावं. ओया शोबो, हारा शोबो ही तिथली नावाजलेली दुकानं, हात स्वच्छ असतील आणि आधी विचारलंत तर ट्रेमधल्या प्रिंट्स बघू देतात. जाता-येता हाराजुकूचं ओता म्युझियम करा, फक्त उकियो-एचंच आहे.

भारतात बसून घ्यायचं तर ऑनलाइन डीलर किंवा लिलाव. लिलावात बोलीच्या वर साधारण पाव हिस्सा कमिशन जातं, मग कुरिअर, मग इकडे कस्टम्स आणि जीएसटी, हा हिशोब बोली लावायच्या आधी करायचा. वर्णनात "आफ्टर हिरोशिगे" असेल तर ती नक्कल आहे, "हिरोशिगे स्टाइल" असेल तर वाचूही नका. विकणाऱ्याला मेलवर चार गोष्टी लेखी विचारा: प्रकाशक कोण, अंदाजे कधी छापली, समास पूर्ण आहेत का, मागे कागद चिकटवलाय का. चांगला डीलर आनंदाने उत्तर देतो, कारण त्यालाही असं विचारणारं गिऱ्हाईक हवंच असतं.

पायरी ८: घरी आल्यावर

आपल्याकडचे फ्रेमवाले प्रेमाने पण बेधडक हार्डबोर्डवर गोंद लावून चिकटवतात, तसं केलं की प्रिंटची किंमत तिथेच संपली. त्याला स्पष्ट सांगा, ॲसिड-फ्री बोर्ड, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या, त्या गव्हाच्या खळीने लावायच्या, सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर नाहीच नाही. काच आणि कागद यांच्यात माउंटची जाडी हवी, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो. यूव्हीवाली काच महाग पडते पण घ्या, आणि तरीही खिडकीसमोर लावू नका. तीन-चार महिने भिंतीवर, मग फोल्डरमध्ये आराम, तोवर दुसरी लावा (दुसरी घेणार आहातच).

मुंबई-कोकणात पावसाळा हा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर बाहेरच्या भिंतीवर, जिथे ओल येते तिथे, काही टांगायचं नाही. ॲसिड-फ्री फोल्डर, वर हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पंधरवड्यातून एकदा कोरडा दिवस बघून उघडून कसर किंवा बुरशी आहे का ते तपासायचं. डांबरगोळ्या कागदाला लागून ठेवू नका. बुरशीचा ठिपका दिसलाच तर ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, पाण्याचे रंग आहेत, पसरतील. प्रिंट बाकीच्यांपासून वेगळी करा, कोरड्या हवेत ठेवा आणि कागदाचं काम करणाऱ्या कॉन्झर्वेटरला फोन करा.